पैसे भरून परदेशात पत्रकार? आधी हिशेब मांडा!

गेल्या वर्षी वर्षावासातली गोष्ट. विहारातले ग्रंथवाचन संपले, मंडळी घरोघर निघाली. मी सायकल काढत होतो, तेवढ्यात आमच्या वस्तीतल्या एक ताई जवळ आल्या. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलमध्ये त्या रोजाने जातात. नवरा वारल्यावर एकटीने दोन लेकरे शिकवली. थोरला मुलगा अमरावतीला वसतिगृहात राहून पत्रकारितेची पदवी घेऊन आला. साऱ्या वस्तीला त्याचे कौतुक.

"भाऊ, आमचा बाबू फॉरेनले जातो म्हणते. पेपरात काम कराले. दोन महिने."

"मग आनंदाचीच गोष्ट आहे, ताई. पगार किती देणार आहेत?"

"पगार नाई म्हणते. उलटे आपल्यालेच पैसे भरा लागतात. काम आपणच कराचं अन् पैसेबी आपणच द्याचे, असं कसं वो भाऊ? मले तं काईच समजून नाई रायलं. पोत मोडतो म्हटलं, उरलेले पतपेढीतून काढतो. तुमी एकडाव कागद पाहून घ्या."

दुसऱ्या दिवशी मुलगा कागद घेऊन घरी आला. एका मोठ्या शहरातल्या कंपनीचे ते माहितीपत्रक होते. आफ्रिकेतल्या एका देशात इंग्रजी वर्तमानपत्रात दोन महिने 'स्वयंसेवक पत्रकार' म्हणून काम करायचे. शेवटी प्रमाणपत्र आणि 'आंतरराष्ट्रीय अनुभव'. कंपनीची फी दोन लाख दहा हजार. विमानाचे तिकीट, व्हिसा, विमा, लसी हे सारे वेगळे. मी कारकून माणूस, बी.कॉम. शिकलेला. कागद दिसला की बेरीज करण्याची सवय. बेरीज तीन लाख चाळीस हजारांवर गेली. ताईंच्या वर्षभराच्या रोजीपेक्षा ही रक्कम मोठी होती.

मी म्हटले, "बेटा, एवढे पैसे देऊन तू काय घेणार आहेस?"

तो चिडला. म्हणाला, "काकाजी, तुम्ही लोक आम्हाला इथंच बसा म्हणता. इथं अनुभव कोण देते? पेपरात गेलो तर आधी अनुभव आणा म्हणतात. अनुभव मागायला गेलो तर जाहिरात आणा म्हणतात. ज्यांच्या बापाजवळ पैसा आहे, त्यांची पोरं फॉरेनला जाऊन येतात अन् त्यांना नोकरी लागते. आम्ही गेलो की तुम्हाला हिशेब आठवतो."

मुलाचे बोलणे लागले, कारण त्यात खोटे काही नव्हते. म्हणून त्या दिवशी मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच म्हटले, "आठ दिवस दे. पैसे भरू नको. आपण दोघे मिळून चौकशी करू." त्या चौकशीतून जे हाती आले, ते आपल्या वाचक कुटुंबांपुढे ठेवतो. असे माहितीपत्रक आज एका घरात आले, उद्या दुसऱ्या घरात येईल.

माझी स्वतःची उमेदवारी

आधी माझेच सांगतो. बी.कॉम. झाल्यावर मलाही पत्रकार व्हायचे होते. एका वर्तमानपत्राला मी दोन वर्षे फुकट बातम्या पुरवल्या. मोर्चे, सभा, जयंतीचे कार्यक्रम, नळाला पाणी नाही, दलित वस्तीचा रस्ता कागदावरच झाला, असे पुष्कळ लिहिले. रात्री बातमी लिहून पाकीट एसटीच्या गाडीवर द्यायचे. बातमी छापून यायची ती 'वार्ताहराकडून' म्हणून. माझे नाव एकदाही आले नाही. पुढे एका ठिकाणी उपसंपादकाच्या जागेसाठी मुलाखतीला गेलो. त्यांनी विचारले, "अनुभवाचा पुरावा काय?" माझ्याजवळ ना पत्र, ना कात्रणांची वही. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांनी दाखला देतो म्हटले आणि दिला नाही. मी लिपिकाची परीक्षा दिली आणि कचेरीत लागलो.

ही रड नव्हे. सांगायचा मुद्दा एवढाच की अनुभव मिळणे ही एक गोष्ट आणि अनुभवाचा पुरावा मिळणे ही दुसरी. मला पहिली मिळाली, दुसरी मिळाली नाही. ही कंपनी त्या मुलाला पहिलीची खात्री न देता दुसरी विकत होती.

हा धंदा चालतो कसा?

इंग्लंड-अमेरिकेतली सुखवस्तू घरांतली मुले शाळा संपल्यावर किंवा पदवीच्या मधे काही महिने परदेशी जातात. कोणी शाळेत शिकवते, कोणी दवाखान्यात मदत करते, कोणी वर्तमानपत्रात बसते. ही सोय लावून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. मुलगा कंपनीला फी देतो, कंपनी त्याची राहण्या-जेवणाची आणि कामाची व्यवस्था लावते. वर्तमानपत्राला फुकटचा हात मिळतो, कंपनीला नफा मिळतो, मुलाला प्रमाणपत्र मिळते. जे घर हा खर्च सहज सोसते, त्या घरात दोन महिन्यांची ती एक सहल असते. काही शिकला तर उत्तम, न शिकला तरी चूल बंद पडत नाही.

तोच माल आता आपल्याकडे विकायला आला आहे. पण आपल्या घरात तो पोत मोडून घ्यावा लागतो. तेव्हा तो सहल म्हणून चालणार नाही, त्यातून काही हाती लागलेच पाहिजे.

आता विचार करा. पत्रकाराचे भांडवल कोणते? भाषा आणि माणसांची ओळख. अकोल्याचा मुलगा अनोळखी देशातल्या शहरात आठ आठवडे राहील. तिथली बोली त्याला येत नाही. पाण्याचा प्रश्न कोणत्या कार्यालयात विचारायचा हे ठाऊक नाही. कोणता पुढारी खरे बोलतो, कोणता खोटे, हे कळत नाही. संपादक त्याला बातमीवर कशाला पाठवील? टेबलावर बसवून आलेली प्रसिद्धिपत्रके नीट करून घेईल. ते काम वाईट नाही, पण त्यासाठी तीन लाख चाळीस हजार?

फुकट कामाचे भांडण तिकडेही आहे

आपल्याला वाटते, परदेशात सगळे नियमाने चालते. तिथेही वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरायचे तर आधी बिनपगारी काम करावे लागते, अशी रीत पडली होती. लंडनमध्ये बिनपगारी राहणे गरिबाच्या मुलाला कसे परवडणार? ब्रिटनमध्ये ॲलन मिलबर्न यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. तिने २००९ साली अहवाल दिला आणि पत्रकारिता हा मूठभर सुखवस्तू घरांपुरता होत चाललेला व्यवसाय आहे, असे दाखवून दिले.

अमेरिकेत तर प्रकरण कोर्टात गेले. 'न्यूयॉर्कर' सारखी नामांकित नियतकालिके काढणाऱ्या काँदे नास्त या कंपनीवर तिथे उमेदवारी केलेल्या दोघांनी २०१३ साली दावा लावला. आम्हाला कायद्याच्या किमान वेतनाहून कितीतरी कमी पैसे दिले, असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीने त्याच वर्षी उमेदवारीची योजनाच बंद केली आणि २०१४ साली ५८ लाख डॉलर देऊन तडजोड केली. हजारो माजी उमेदवारांना त्याचा लाभ झाला.

ज्या देशांत फुकट राबवून घेतले म्हणून मालकाला पैसे मोजावे लागले, त्याच देशांतली पैसे भरून राबण्याची पद्धत आपल्या दारात येते आणि आपण तिला 'संधी' म्हणतो. कामगारांच्या घरातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. डाळमिलमध्ये कोणी म्हणेल का, की आधी दोन लाख भर, मग पोती उचलायला ये?

बाबासाहेब परदेशी गेले ते कसे?

मुलाने मला बरोबर पकडले. म्हणाला, "काकाजी, बाबासाहेब परदेशात गेले म्हणूनच बाबासाहेब झाले ना?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्ही तोही हिशेब मांडला.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा लेखी करार होता. पुढे मुंबईला सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. त्यातून काटकसरीने शिल्लक टाकली. तिला शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचे कर्ज जोडून ते जुलै १९२० मध्ये लंडनला गेले. म्हणजे बाबासाहेबांनीही कर्ज काढले होते, हे खरे. पण ते कशासाठी? लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची पदवी आणि बॅरिस्टरी यांसाठी. पैसे देऊन काय मिळणार, हे आधीपासून पक्के होते, आणि ते मुंबईत मिळण्यासारखे नव्हते.

वर्तमानपत्र काढणे मात्र ते इथेच शिकले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब त्या वेळी सरकारी महाविद्यालयात नोकरीला होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. 'केसरी'ने पैसे घेऊनसुद्धा 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला होता. बाबासाहेब लंडनला गेल्यावर ते पत्र इतरांनी ओढले, पण १९२३ पर्यंत ते बंद पडले. मग ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. त्याचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याला लिहून काढावे लागतात, हे बाबासाहेबांनी स्वतः नमूद केले आहे. पगारी माणसे ठेवायला पैसा नव्हता. बॅरिस्टर आणि डॉक्टर झालेला माणूस रात्री बसून रकाने भरत होता.

दुसरे उदाहरण 'सकाळ'चे संस्थापक डॉ. नानासाहेब परुळेकर यांचे. तेही कोलंबिया विद्यापीठातच शिकले. अमेरिकेतली वर्तमानपत्रे कशी चालतात हे त्यांनी डोळसपणे पाहिले आणि १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केले. परदेशातून त्यांनी दृष्टी आणली. बातम्या मात्र पुण्याच्या, आसपासच्या तालुक्यांच्या आणि खेड्यांच्या होत्या.

दोघांच्या हिशेबाचे तात्पर्य एकच निघाले. इथे मिळते ते इथे घ्यावे. इथे मिळतच नाही, त्यासाठी परदेशी जावे. आणि जायचे ते होता होईतो दुसऱ्याच्या खर्चाने.

मग अनुभव इथे मिळतो का?

मिळतो. बातम्या तर आपल्या पायाखाली आहेत. पूर्णाकाठचा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तिन्ही जिल्ह्यांतून जातो. तिथे विहिरीचे पाणी खारे लागते आणि मुतखड्याने, मूत्रपिंडाच्या रोगाने माणसे हैराण आहेत. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याचे कुपोषण आहे. कापसाच्या भावाचा आणि शेतकऱ्याच्या आत्महत्येचा प्रश्न आहे. मुर्तिजापूरची शकुंतला गाडी इंग्रज कंपनीच्या मालकीची राहिली म्हणून तिच्यावर देश-विदेशात लिहून आले. पी. साईनाथ यांच्यासारखा पत्रकार विदर्भाच्या खेड्यांत फिरून लिहितो आणि जग ते वाचते. त्यांनी २०१४ साली सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या उपक्रमात विद्यार्थ्यांना काम शिकता येते. त्यातले लेख मराठीतही निघतात.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटचे 'खबर लहरिया' पाहा. २००२ साली खेड्यातल्या बायांनी, त्यातही बहुसंख्य दलित बायांनी ते सुरू केले. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. अनुभव घ्यायला त्या बाया परदेशात गेल्या नव्हत्या. परदेशाने त्यांच्याकडे पाहिले.

शिक्षणाचे म्हणाल तर दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र २०११ पासून अमरावतीतच आहे. मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रमही तिथे सुरू झाला. याच संस्थेच्या दिल्लीच्या आवारात १९६९ पासून परदेशी पत्रकारांसाठी विकास पत्रकारितेचा अभ्यासक्रम चालत आला आहे. आफ्रिका-आशियातल्या देशांचे पत्रकार त्यासाठी भारतात येतात आणि त्यांचा खर्च भारत सरकार करते. पत्रकाराने परदेशी जाऊन शिकण्याची सरळ रीत ही आहे. शिकणाऱ्याच्या आईला पोत मोडावी लागत नाही.

आता एक बोल आपल्याच माणसांना. चळवळीच्या पत्रासाठी रात्र जागवणारा कार्यकर्ता आणि मालकाच्या नफ्यासाठी फुकट राबणारा पोरगा, यांत फरक आहे. पण आपली साप्ताहिके-पाक्षिकेही पोरांना 'समाजकार्य आहे' म्हणून राबवतात आणि नाव छापायचे विसरतात. हे बरोबर नव्हे. पगार देता येत नसेल तर बातमीवर नाव द्या, एसटीचे भाडे द्या. आणि काम सोडताना किती महिने, किती तास, कोणते काम केले, याचे सही-शिक्क्याचे पत्र द्या. त्याला एक कागद आणि दहा मिनिटे लागतात. तेवढ्या कागदाअभावी एका बी.कॉम. झालेल्या पोराची वाट बदलली, हे मी माझ्यावरून सांगतो.

पैसे भरण्यापूर्वी विचारायचे सहा प्रश्न

आम्ही दोघांनी बसून कंपनीला पत्र लिहिले. त्यातले प्रश्न आपल्या उपयोगी पडतील म्हणून देतो.

१. वर्तमानपत्राचे नाव, पत्ता आणि संपादकाचे स्वीकृतिपत्र पैसे भरण्याआधी दाखवाल का?

२. व्हिसा कोणता? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पगार नसला तरी बहुतेक देशांत ते कामच धरले जाते. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला स्वयंसेवा करता येते ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थेतच, आणि तीही एकूण ३० दिवसांपर्यंत. खासगी वर्तमानपत्रात फुकट बसणे त्यात येत नाही. अमेरिकेत उमेदवारीसाठी जे-१ नावाचा व्हिसा आहे. तो शिकत असलेल्या किंवा पदवी घेऊन बारा महिने न झालेल्यांना मिळतो, आणि मान्यताप्राप्त संस्थेचा डीएस-२०१९ हा कागद लागतो. पर्यटकाच्या व्हिसावर काम करताना सापडलात तर परत पाठवतात आणि पुढचा व्हिसाही अडतो.

३. आमच्या पैशातले वर्तमानपत्राला किती जातात आणि तुमच्याकडे किती राहतात?

४. काम काय देणार? शिकवणारा कोण? बातमी आमच्या नावाने छापणार का?

५. व्हिसा नाकारला, आजारपण आले किंवा तिथे काम मिळाले नाही, तर पैसे परत किती आणि किती दिवसांत?

६. प्रमाणपत्रावर सही संपादकाची की तुमची?

आणखी एक गोष्ट. परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. त्याला सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. नोंदणी खरी की खोटी, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. पण "आम्ही नोकरी देत नाही, स्वयंसेवा देतो" असे म्हटले की ही मंडळी त्या कायद्याच्या बाहेर उभी राहू पाहतात. म्हणून तर शब्द 'स्वयंसेवा' असतो आणि रक्कम लाखांत असते.

कंपनीचे उत्तर चौथ्या दिवशी आले. व्हिसा पर्यटकाचा. वर्तमानपत्राचे नाव निम्मी रक्कम भरल्यावर कळेल. पैसे परत मिळणार नाहीत. प्रमाणपत्र कंपनीचे. मुलाने ते दोनदा वाचले. काही बोलला नाही. उठून गेला. दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही, असे ताईंनी सांगितले. स्वप्न मोडले की दुखते, आणि ते कागदावर खोटे निघाले म्हणून कमी दुखत नाही.

दुसऱ्याच्या खर्चाने जाण्याची वाट

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो ते एक आकडा घेऊन. २,८०० तास.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग नावाची शिष्यवृत्ती १९८३ पासून चालू आहे. एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाची फी, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे त्यात येते. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आणि आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे असे कलम त्यातच आहे. हा अनुभव पगारी नोकरीचाच पाहिजे असे नाही. अर्धवेळ काम, स्वयंसेवा, बिनपगारी उमेदवारी हेही मोजतात. पदवीच्या अभ्यासक्रमात सक्तीने करावी लागलेली उमेदवारी तेवढी चालत नाही. नियम दरवर्षी नव्याने वाचून घ्यावेत. शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते.

मी पाठीमागच्या कोऱ्या कागदावर हिशेब केला. आठवड्याला २० तास धरले तर १४० आठवडे. अडीच वर्षांच्या थोडे वर. म्हणजे जो अनुभव तो तीन लाख चाळीस हजार देऊन दोन महिन्यांचा घेणार होता, तो इथे पोटापाण्याचे दुसरे काम सांभाळून अडीच-पावणेतीन वर्षांत पुरा होतो, आणि वर त्याच्या नावाची दोनशे कात्रणे जमतात.

वाटा आणखीही आहेत. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी तिच्या ७५ जागा. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. तिच्या १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. वय ३५ च्या आत, घरचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत आणि ६० टक्के गुण, अशा तिच्या अटी. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्रातही सवलती मिळतात. मात्र जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला काढून ठेवा. या दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहेत, दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

परदेशी संस्थेचे काम घरबसल्याही करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात लेखन, संपादन, भाषांतर अशी कामे इंटरनेटवरून दिली जातात. भरतीसाठी ते एक रुपयाही घेत नाहीत. जे स्वयंसेवक प्रत्यक्ष दुसऱ्या देशात जातात, त्यांना निर्वाहभत्ता, प्रवासखर्च आणि विमा मिळतो. तेव्हा खूण साधी आहे. खरी संस्था स्वयंसेवकाचा खर्च करते. धंदेवाला स्वयंसेवकाकडून वसूल करतो.

अर्ज कसा भरावा हे सांगणारी माणसेही आता आपल्या भागात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या खेड्याचा राजू केंद्रे हा तरुण चेव्हनिंगवरच लंडनला शिकून आला. त्याची 'एकलव्य' ही संस्था पहिल्या पिढीच्या शिकणाऱ्यांना देश-परदेशच्या उच्च शिक्षणाची वाट दाखवते. लाखो रुपये भरण्याआधी अशा ठिकाणी एक फोन करायला काय हरकत आहे?

वहीतले तास

तो मुलगा आज परदेशात नाही. सकाळी एका दुकानात बिले करतो. दुपारनंतर एका साप्ताहिकाचे काम करतो. पहिल्या दिवशीच त्याने संपादकांकडून लिहून घेतले की बातमीवर नाव येईल आणि दर सहा महिन्यांनी तासांचे पत्र मिळेल. संपादक आधी हसले, मग त्यांनी सही केली. त्याने एक वही केली आहे. तारीख, काम, तास, आणि समोरच्या पानावर कात्रण. खारपाणपट्ट्यातल्या एका गावावर त्याने लिहिलेला लेख वाचून त्या गावात टँकर वेळेवर येऊ लागला. इंग्रजीसाठी तो रोज एक अग्रलेख भाषांतर करतो. गेल्या महिन्यात वही दाखवायला आला. बेरीज ६४० तास झाली होती. अजून २,१६० बाकी आहेत. अर्ज करील तेव्हा निवड होईलच असे मी म्हणत नाही. पण झाली नाही तरी वही त्याची आहे, कात्रणे त्याची आहेत, आणि पतपेढीचा हप्ता नाही.

अजूनही तो कधी कधी म्हणतो, "काकाजी, गेलो असतो तर आतापर्यंत येऊनही गेलो असतो." मी वाद घालत नाही. तरण्या माणसाला अडीच वर्षे फार वाटतात.

परवा ताई भेटल्या. म्हटले, "ताई, पोत आहे ना गळ्यात?"

"आहे नं भाऊ. पण त्याचं जाणं पक्कं झालं नं, तं मी पोत मोडूनच त्याले गरम कोट घेऊन देईन. तिकडं थंडी लय असते म्हणते."

आई-बापांनो, मुलाला अडवू नका. पण कोणी पैसे मागितले की आधी ते सहा प्रश्न विचारा. आणि मुला-मुलींनो, आजच एक वही घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला. जयभीम!